घरातील उभी वाट

घर बांधायला काढले की आपल्या व्यापारी कुटुंबांत चौरस फुटाचा हिशेब सुरू होतो. दर्शनी बाजूस दुकान किती, मागे गोदाम किती, वर राहायला किती खोल्या, देवघर कोणत्या दिशेस, जिना कोठून. या प्रत्येक गोष्टीवर घरातील लहानथोर मंडळी आठ-आठ दिवस चर्चा करतात. परंतु नकाशात एक-दोन लहान चौकोन असे असतात की त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. त्या चौकोनात फुलीची खूण असते आणि कडेला बारीक अक्षरांत ‘डक्ट’ असे लिहिलेले असते. पहिल्या मजल्याचा नकाशा पाहा, दुसऱ्याचा पाहा, तिसऱ्याचा पाहा. तो चौकोन त्याच जागी पुन्हा भेटतो. याचा अर्थ असा की तळापासून गच्चीपर्यंत घराच्या पोटातून एक पोकळ वाट गेलेली आहे. पाण्याचे नळ, सांडपाण्याचे पाइप, विजेच्या तारा त्या वाटेने जातात. मोठ्या शहरांतील काही इमारतींत अशाच एखाद्या वाटेने केरकचरा खाली सोडला जातो, रुग्णालयांत व मोठ्या हॉटेलांत धुण्याचे कपडेही सोडले जातात. तेथे त्या नळीला ‘शूट’ म्हणतात. या उभ्या वाटेचा विचार घर बांधण्यापूर्वी का व्हावा, हे सांगण्यासाठी आजचा लेखनप्रपंच.

आमचे किनवट हे पैनगंगेच्या परिसरातील, तेलंगणाच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. सागाच्या जंगलाचा हा मुलूख. जुनी घरे माळवदाची, सागाच्या तुळयांवर तोललेली. स्वयंपाकघराच्या वर माळवदाला सवणे असे आणि चुलीचा धूर त्यातून थेट आभाळात जाई. आता बाजारपेठेत सिमेंट-काँक्रीटच्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. खाली दुकान आणि वर घर ही आपली रीत मात्र तीच राहिली. फरक एवढाच की पूर्वी घर दुकानाच्या मागे होते, आता ते दुकानाच्या डोक्यावर आहे. खालच्या धुराला आभाळात जायचे असेल तर आता त्याला आपल्या निजण्याच्या खोल्यांवरूनच जावे लागते.

माझे धाकटे बंधू कापडाचे व्यापारी आहेत. त्यांनी जुने घर पाडून त्याच जागी तळमजला आणि वर तीन मजले बांधण्याचे ठरविले. नकाशे आले तेव्हा ते मजकडे पाहण्यास धाडले, कारण चौतीस वर्षे बँकेत कर्जाच्या फायली चाळलेल्या माणसाला कागद वाचण्याची सवय असते असा घरात समज आहे. नकाशात नेहमीच्या डक्टबरोबर आणखी एक चौकोन होता. तिसऱ्या मजल्यावरील न्हाणीघराजवळून निघून तळमजल्यावर गोदामाच्या मागील मोरीत उतरणारी, दीड फूट रुंदीची कपड्यांची नळी. त्या मोरीत धुण्याचे यंत्र ठेवायचे होते. प्रत्येक मजल्यावर या नळीला एक झडप आणि स्वयंपाकघराजवळच्या झडपेतून वाटल्यास केराच्या पिशव्याही सोडायच्या, अशी योजना होती.

ही कल्पना पुतण्याच्या पत्नीची होती आणि तिची बाजू बिनतोड होती. ती म्हणाली, “काका, घरात नऊ माणसं आहेत. दोन बादल्या कपडे रोज खाली न्यायचे आणि ओले कपडे वाळवायला पुन्हा गच्चीवर चढवायचे. बासष्ट पायऱ्या आहेत. हे काम पुरुषांकडं असतं तर नळी कधीच बसली असती.” या बोलण्यात तथ्य होते. घरातील स्त्रियांचे कष्ट हा आपल्या बांधकामाच्या हिशेबात न धरलेला खर्च असतो. म्हणून ‘नळी नको’ एवढेच सांगून चालणार नव्हते. का नको आणि त्याऐवजी काय, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देणे प्राप्त होते. त्यासाठी मी काही दिवस या विषयाचे वाचन केले, आमच्या ओळखीच्या एका अनुभवी स्थापत्य अभियंत्यांना भेटलो, आणि जे समजले ते येथे मांडीत आहे.

आमच्या पिढीतील वाचकांना पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब आठवत असेल. त्याच्या मधोमध एक उभी नळी असे. खाली जाळीवर निखारे पडले की वरून टाकलेला लाकडाचा तुकडा क्षणात धडधडून पेटे. फुंकणीची गरज पडत नसे. नळीतील हवा तापून हलकी होते, वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते आणि विस्तव आपोआप फुलतो. कपड्यांची किंवा कचऱ्याची नळी म्हणजे चार मजली बंबच होय. फरक असा की बंबाच्या नळीला मध्ये कोठे भोक नसते. घरातील नळीला मात्र प्रत्येक मजल्यावर एक तोंड असते आणि ते माणसांच्या राहण्याच्या जागेत उघडते. तळाशी कपड्यांचा ढीग, वर मोकळे आकाश आणि मध्ये सैल झडपा, अशी मांडणी झाली की आग लागण्यास केवळ एका ठिणगीचा अवकाश उरतो.

ही भीती केवळ तर्काची नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एफिंगहॅम नावाचे लहानसे गाव आहे. तेथील सेंट अँथनी रुग्णालयास ४ एप्रिल १९४९ च्या रात्री आग लागली. ती प्रथम दिसली कपड्यांच्या नळीत. पाहता पाहता ती नळीवाटे वरच्या मजल्यांवर पोहोचली आणि सत्तरांहून अधिक माणसे दगावली. त्यांत नवजात अर्भकेही होती. पुढे बारा वर्षांनी, ८ डिसेंबर १९६१ रोजी, कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड रुग्णालयात कचऱ्याच्या नळीत आग लागली. इमारत तेरा मजली, बांधकाम पक्के. आग नळीतल्या नळीत राहिली असती तर कदाचित फार हानी झाली नसती. परंतु नवव्या मजल्यावरील नळीचे दार दाबाने उघडले आणि ज्वाळा तेथील मार्गिकेत शिरल्या. १६ जण मृत्युमुखी पडले. एक दार घट्ट न राहिल्याने एवढा अनर्थ झाला. अशा अनुभवांतूनच पुढे जगभर या नळ्यांविषयी कडक नियम आले.

आपल्या देशात कपड्यांच्या नळ्या फारशा नाहीत, म्हणून आपण निश्चिंत राहावे असे मात्र नाही. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील एएमआरआय रुग्णालयात आग लागली ती तळघरात. वाहने उभी करण्याच्या त्या जागेत पेट घेणाऱ्या वस्तू साठवून ठेवल्या होत्या. ज्वाळा वर पोहोचण्याआधीच धूर इमारतीतील नलिकांमधून वरच्या कक्षांत शिरला आणि सुमारे नव्वद जण प्राणास मुकले. त्यांतील बहुतेकांचा मृत्यू धुराने गुदमरून झाला.

आपल्या महाराष्ट्रातील आणि कापडाशी संबंध असलेले उदाहरण मुंबईचे आहे. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तीनच्या सुमारास गोरेगाव पश्चिम येथील जय भवानी या तळमजला अधिक पाच मजल्यांच्या इमारतीत आग लागली. तळाशी दुकाने, उभी केलेली वाहने आणि कापडाचे ढीग होते. खाली पेटले आणि वर झोपलेली माणसे कोंडली गेली. ७ जण मरण पावले, ४० हून अधिक जखमी झाले. जे पेटले ते खाली होते आणि जे गेले ते वर राहणारे होते. हे वाचताना मला आमच्या घराचाच नकाशा दिसू लागला: खाली कापडाचे गोदाम, वर निजलेली नऊ माणसे आणि त्यांत सत्त्याऐंशी वर्षांची आमची आई. तिला जिना उतरण्यास हाताला धरणारे माणूस लागते आणि पाव तास लागतो. धुराला तिसऱ्या मजल्यावर पोहोचण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

आता नियम काय सांगतात ते पाहू. आपल्या देशाची राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये सुधारून निघाली. तिच्या चौथ्या भागात अग्नी व जीवित सुरक्षेचे नियम आहेत. कचऱ्याच्या नळीविषयी त्यात सांगितले आहे की नळीच्या भिंती न जळणाऱ्या पदार्थाच्या आणि किमान १२० मिनिटे आगीला तोंड देणाऱ्या असाव्यात. नळीचे वरचे तोंड गच्चीच्या पातळीपासून किमान १ मीटर उंच आणि उघडे असावे, म्हणजे धूर घरात न कोंडता बाहेर जाईल. प्रत्येक मजल्यावरील झडप घट्ट बसणारी आणि ६० मिनिटे आग थोपविणारी असावी. नळी जिन्याच्या घेऱ्यात नसावी, इतर डक्टमध्येही नसावी. बाहेर पडण्याच्या वाटेपासून ती दूर असावी. नळीत पाण्याच्या फवाऱ्यांची सोय असावी. अमेरिकेतील मानकांत आणखी एक युक्ती आहे. नळीच्या तळाशी असलेले दार एका विशिष्ट धातूच्या दुव्याने उघडे धरलेले असते. खालच्या खोलीत आग लागून उष्णता वाढली की तो दुवा वितळतो आणि दार आपोआप बंद होते. माणूस हजर नसला तरी दार आपले काम करते.

पाइप व तारांच्या डक्टविषयीही संहितेचे म्हणणे स्पष्ट आहे. त्याच्या भिंती १२० मिनिटे टिकणाऱ्या असाव्यात आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीवर तो योग्य रीतीने बंद केलेला असावा. पाइप व तारा जाण्यापुरती जागा सोडून बाकीचे काँक्रीटने भरावे आणि उरलेल्या फटी आग रोखणाऱ्या लेपाने बुजवाव्यात, असा याचा सरळ अर्थ. याला खर्च फार येत नाही. परंतु बांधकाम उरकण्याच्या घाईत हे काम राहून जाते, कारण डक्टचे दार लावले की आतले कोणालाच दिसत नाही.

संहितेत १५ मीटर व त्याहून उंच इमारतीस उंच इमारत मानलेले आहे आणि कडक तरतुदी मुख्यतः तशा इमारतींसाठी आहेत. आपल्या राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ हा कायदा आहे. त्यानुसार आगीपासून बचावाची साधने बसविणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. ज्या इमारतींना हा कायदा लागू होतो, त्यांनी परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन जानेवारी आणि जुलै अशा वर्षातून दोन वेळा प्रमाणपत्र द्यावयाचे असते. तालुक्याच्या गावातील चार मजली घर त्यातील कोणत्या तरतुदीत बसते हे नगरपरिषदेकडून समजून घ्यावे. परंतु घर पंधरा मीटरचे आहे की बारा मीटरचे, हे पाहून धूर थांबत नाही. नियम आपल्यावर बंधनकारक नसला तरी त्यामागील शहाणपण घ्यायला कोणाची हरकत नाही.

येथे विम्याविषयी दोन शब्द लिहिणे मला माझ्या व्यवसायामुळे भाग आहे. आपले व्यापारी बंधू आगीचा विमा उतरवितात, कारण रोख पत कर्जाची ती अटच असते. बँकेच्या तपासणी अर्जात मालाची किंमत, विम्याची रक्कम, मुदत संपण्याची तारीख असे रकाने असतात. आग लागली तर ती कोणत्या वाटेने वर जाईल असा रकाना त्यात नसतो, आणि असण्याचे कारणही नाही. बँकेचे हित मालात गुंतलेले असते. माल जळाला तर भरपाई मिळते आणि पुढच्या हंगामात दुकान पुन्हा उभे राहते. ताळेबंदाखाली एक टीप असते, तीत आकस्मिक देयता लिहिलेल्या असतात: आज देणे नाही, पण अमुक घडले तर द्यावे लागेल. घराच्या पोटातील उघडी डक्ट ही अशीच एक देयता आहे आणि ती ज्या चलनात फेडावी लागते, त्याची भरपाई कोणतीही विमा कंपनी करू शकत नाही.

ही सारी माहिती घेऊन आम्ही एका रविवारी सगळे एकत्र बसलो. नळी करायचीच तर तिच्या भिंती कशा लागतील, झडपा कशा लागतील, पाण्याच्या फवाऱ्यासाठी टाकी आणि पंप किती लागेल, हे अभियंत्यांनी कागदावर मांडले. बंधू म्हणाले, “एवढ्यात तर आणखी एक खोली होते.” मी म्हणालो की करायची तर अशीच करावी, नाहीतर करू नये; अर्धवट नळीसारखी धोक्याची गोष्ट नाही. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ज्या सूनबाईंनी नळी मागितली होती, त्याच म्हणाल्या, “कपडे वाळतात गच्चीवर. मग यंत्र खाली ठेवायचं कशाला? तेच गच्चीवर न्या ना.”

इतका साधा मार्ग आम्हा कोणाला सुचला नव्हता. यंत्र नेहमी मोरीत ठेवायचे आणि मोरी नेहमी खाली, मागील बाजूस, ही माळवदाच्या घराची सवय आम्ही काँक्रीटच्या घरातही तशीच नेली होती. गच्चीवर जिन्याच्या डोक्याशी एक लहान खोली काढली, तेथे नळ, सांडपाण्याचा निचरा आणि यंत्रासाठी वेगळी विजेची जोडणी दिली. आता मळके कपडे एकदाच वर जातात, तेही कोरडे आणि हलके. ओल्या कपड्यांची बादली घेऊन बासष्ट पायऱ्या चढणे संपले. केर प्रत्येक मजल्यावर ओला व सुका असा वेगळा ठेवायचा आणि सकाळी घंटागाडी आली की दुकान उघडणाऱ्या मुलांपैकी एकाने तो खाली न्यायचा, असे ठरले. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार कचरा घरातच वेगळा करणे आवश्यक आहे. नळीत टाकलेला कचरा तळाशी एकत्रच होतो, त्यामुळे नळी तशीही आता गैरसोयीचीच आहे.

नळीचे पैसे वाचले, ते तीन कामांवर खर्च झाले. पहिले, विजेचा आणि पाण्याचा डक्ट वेगळा करून दोन्ही प्रत्येक स्लॅबच्या पातळीवर बंद केले. दुसरे, गोदाम आणि जिना यांच्यामध्ये आग थोपविणारे, आपोआप लागणारे दार बसविले. तिसरे, जिन्याला दुकानातून न जाता थेट रस्त्यावर उतरणारी वाट दिली. शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे, असे अभियंत्यांचे मत पडले आणि ते मला पटले.

कारण घरातील सर्वांत मोठी उभी वाट म्हणजे जिनाच होय. तो बुजविता येत नाही, म्हणून त्याला जपावे लागते. आपल्या अनेक घरांत जिन्याखाली रिकाम्या पेट्या, खोकी, गाठोडी, जुने कागद रचून ठेवलेले असतात. जिन्याच्या तोंडाशीच मीटरच्या पेट्या असतात आणि तेथेच रात्री दुचाक्या उभ्या असतात. चोरांच्या भीतीने चॅनल गेटला रात्री कुलूप लागते आणि किल्ली तळमजल्यावर कोठेतरी असते. गच्चीच्या दारालाही कुलूप असते. अशा घरात रात्री खाली धूर झाला तर खालची वाट धुराने बंद आणि वरची कुलपाने बंद. किल्ल्या प्रत्येक मजल्यावर, अंधारातही हाताला लागतील अशा ठरलेल्या खिळ्यावर असाव्यात आणि त्या लहान मुलांनाही ठाऊक असाव्यात. त्याला एक रुपया खर्च येत नाही.

कापूस आणि कापड यांविषयी आपल्या भागातील व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. गाठीतला विस्तव बाहेरून विझलेला दिसला तरी आत धुमसत राहतो, हे जिनिंगच्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. तेलाने माखलेली फडकी एकत्र दाबून ठेवली तर ती कधी कधी आपोआप तापतात, हेही लक्षात ठेवावे. दिवाणखान्यात आग लागली तर ती दिसते. डक्टच्या तळाशी, जिन्याखाली, मोरीच्या कोपऱ्यात धुमसणारी आग तासन्‌तास दिसत नाही आणि दिसते तेव्हा ती तळाशी राहिलेली नसते.

आणि धूर आलाच तर काय करावे? खोलीचे दार लावावे, खालच्या फटीत ओले कापड दाबावे, खिडकीशी जावे आणि हाक द्यावी. जिना धुराने भरला असेल तर त्यात उतरू नये. लिफ्ट असेल तर ती वापरू नये. १०१ हा अग्निशमनाचा क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक घरात सर्वांना पाठ असावा. मोठ्या शहराची मदत आमच्यासारख्या गावापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असते. म्हणून पहिली दहा मिनिटे आपली आपणच निभावून न्यावयाची असतात.

दिवाळीत वहीपूजनापूर्वी आपण दुकानाची शिल्लक मोजतो, जळमटे काढतो, जुनी खाती मिटवितो. त्याच दिवसांत घरातील कर्त्या माणसाने विजेरी घेऊन प्रत्येक मजल्यावरील डक्टचे दार उघडून आत पाहावे. वर मान केल्यावर गच्चीवरचा उजेड दिसला, तर ती वाट उघडी आहे असे समजावे आणि गवंड्यास बोलावावे. बंधूंच्या घरी गेल्या दिवाळीत हे काम सूनबाईंनीच केले. तिसऱ्या मजल्यावरून त्यांनी खाली विजेरी धरली आणि खालच्या मजल्यावरून मुलाने ओरडून सांगितले की उजेड येत नाही. आई शेजारच्या खोलीत झोपली होती. तिला या तपासणीचे काही कळलेही नाही.